वनौषधिपरिचय पदभ्रमण : दाभोसा ते सूर्यमाळ

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अग्र्य द्रव्यांची गणना करताना औषधींच्या भूमींमध्ये हिमवान श्रेष्ठ होय, असे सांगितले आहे. आयुर्वेदाच्या अभ्यासकाला हिमालयाची ओढ वाटते, तिचे मूळ या परंपरेत आहे. महाराष्ट्रातील अनेक वैद्य व विद्यार्थी पुष्पदरीच्या, गढवालच्या किंवा दार्जिलिंगकडील उंच कड्यांवरील पायवाटांवर जाऊन येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या दवाखान्यातील चिठ्ठीवर रोज उतरणारी द्रव्ये पाहिली, तर त्यांतील मोठा भाग हिमालयात नव्हे, तर आपल्या सह्याद्रीच्या कुशीत वाढतो. कुडा, गुळवेल, अर्जुन, बेहडा, धायटी, भारंगी, टेटू, शतावरी, मुरुडशेंग ही सारी मंडळी मुंबईपासून एका दिवसाच्या प्रवासावर उभी आहेत. त्यांना जिवंत रूपात, त्यांच्या स्वतःच्या जागी, पान-फूल-फळासह ओळखणारे आपल्यापैकी किती जण आहेत, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःलाच विचारावा.

प्रस्तुत लेखात पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांत, दाभोसा येथून आरंभ करून सूर्यमाळपर्यंत, स्थानिक मार्गदर्शकासह तीन दिवसांचे वनौषधिपरिचय पदभ्रमण कसे आखावे, त्यात काय पाहावे आणि त्याचा वैद्याला व औषधनिर्मात्याला नेमका काय उपयोग होतो, याचे विवेचन करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हिमालयातील कड्याकडून काय शिकावे?

पूर्व हिमालयात दार्जिलिंग जिल्हा व नेपाळ यांच्या सीमेवरून सिंगालीला नावाचा कडा जातो. माणेभंज्यांग येथून निघून अनेक दिवसांच्या चालीने यात्रेकरू ३६३६ मीटर उंचीवरील संदकफू येथे आणि तेथून पुढे फालूटला पोहोचतात. तेथे स्थानिक मार्गदर्शक बरोबर घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. या व्यवस्थेमुळे पाहुणा वाट चुकत नाही, कड्यावरील गावाला रोजगार मिळतो आणि जंगलावर गावाची नजर राहते.

अशा कड्यावर चालताना दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली शरीराची. सुमारे अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ होते. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही लक्षणे दिसू लागतात, आणि ती वाढत गेली तर खाली उतरणे हाच खरा उपाय ठरतो. दुसरी गोष्ट वनस्पतींची. तेथे उंची बदलते तसा वनस्पतींचा समूह बदलतो. खालच्या वनात काडेचिराईत भेटते, त्यावर रोडोडेंड्रॉनची झाडी लागते आणि झाडांची रेषा संपल्यावर जी गवताळ कुरणे सुरू होतात, त्यांच्या आसपास पश्चिम हिमालयात अतिविष व कुटकी यांसारखी द्रव्ये वाढतात. या वनस्पती सावकाश वाढतात आणि त्यांचे मूळ किंवा कंदच औषधात लागत असल्यामुळे उपटल्या की संपतात. कुष्ठ ही वनस्पती तर संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे; कुटकी व जटामांसी दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

तेव्हा हिमालयाकडून घ्यावयाचे धडे तीन : मार्गदर्शक स्थानिक असावा, टप्पे लहान असावेत आणि काहीही उपटू नये. हे तिन्ही धडे दाभोशालाही जसेच्या तसे लागू पडतात.

दाभोसा आणि परिसर

दाभोसा हे जव्हारपासून सुमारे वीस किलोमीटरवरील गाव. लेंडी नदी येथे सुमारे तीनशे फुटांवरून दरीत कोसळते आणि पुढे तिचे पाणी दमणगंगेच्या खोऱ्यात जाते. जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. विरळ हवेचा प्रश्न येथे मुळीच उद्भवत नाही. त्यामुळे हिमालयात जाणे ज्यांना वय किंवा प्रकृतीमुळे शक्य नाही, असे ज्येष्ठ वैद्यही या पदभ्रमणात सहभागी होऊ शकतात. येथील धोके वेगळे आहेत आणि त्यांचा विचार पुढे केला आहे.

पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात आला. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा आदिवासी समाजांची येथे वस्ती आहे. भात, नागली व वरई ही मुख्य पिके. पाऊस भरपूर, परंतु पठारावरील पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात टंचाई जाणवते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी खाली उतरतात. १९९२ साली वावर-वांगणी भागातील बालमृत्यूंमुळे हा तालुका देशभर चर्चेत आला होता, हे आपल्यातील ज्येष्ठांना स्मरत असेल. वनौषधींचा विचार करताना या माणसांचा विचार सोडून चालत नाही. कारण आपल्या औषधशाळेत येणाऱ्या सालीची, मुळांची व फुलांची पहिली मजुरी अशाच पाड्यांवर दिली जाते.

मार्गदर्शकाचे स्थान

औषधींना नावाने व रूपाने कोण ओळखतो, या प्रश्नाचे उत्तर चरकाचार्यांनी स्पष्ट दिले आहे : शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि अन्य वनवासी. सुश्रुतसंहितेतही भूमिप्रविभागीय अध्यायात गोपाल, तापस, व्याध, वनचर व कंदमुळांवर राहणारे यांच्याकडून औषधींची ओळख करून घ्यावी, असा अभिप्राय आहे. मात्र चरकाचार्य तेथेच थांबत नाहीत. केवळ नाव व रूप जाणल्याने औषधीचे तत्त्व कळत नाही. तिची योजना जाणणारा तो तत्त्ववेत्ता आणि देश, काल व पुरुष पाहून ती योजना करणारा तो उत्तम वैद्य, असे ते पुढे म्हणतात. न ओळखलेले औषध विषासारखे व शस्त्रासारखे घातक, तर नीट ओळखलेले अमृतासारखे, हा दृष्टान्तही त्याच ठिकाणी आहे.

याचा अर्थ असा की, ज्ञानाची ही दोन अर्धुके आहेत. एक अर्धुक पाड्यावरच्या माणसापाशी आहे, दुसरे आपल्यापाशी. आपण द्रव्याला सुकलेल्या तुकड्याच्या रूपात ओळखतो. तो तिला बारा महिने ओळखतो. वैशाखात तिचे फूल, आषाढात तिचा कोंब, अश्विनात तिचे फळ आणि माघात तिची उघडी फांदी त्याने पाहिलेली असते. पदभ्रमणाचा हेतू ही दोन अर्धुके जोडणे हा आहे. आपण त्याला शिकवायला जात नाही, आणि त्याच्याकडून केवळ वाट विचारायलाही जात नाही.

मार्गदर्शकाशी वागताना काही पथ्ये पाळावीत. वयाने मोठ्या असलेल्याला 'बाबा' वा 'दादा' अशी आदराची हाक द्यावी. आपण संस्कृत नाव उच्चारून 'हेच ना?' असे विचारू नये. पाहुण्याचे मन राखण्यासाठी समोरचा माणूस 'हो' म्हणून जातो. 'याला तुमच्याकडे काय म्हणतात?', 'हे कशाला वापरता?', 'याच्यासारखे दुसरे कोणते झाड आहे?' असे तीन प्रश्न या क्रमाने विचारावेत. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. भेसळीचे बहुतेक सारे धडे त्याच्या उत्तरात मिळतात.

तीन दिवस, तीन देश

हिमालयात वनस्पतींचा समूह उंचीप्रमाणे बदलतो, तर दाभोशाच्या परिसरात तो प्रामुख्याने पाण्यापासूनच्या अंतराप्रमाणे बदलतो. संहितांनी देशाचे आनूप, साधारण व जांगल असे तीन प्रकार मानले आहेत. काटेकोर अर्थाने हा सारा प्रदेश एकाच प्रकारात बसेल. तथापि अभ्यासाच्या सोयीसाठी दरी, उतार व माळ यांकडे या तीन देशांच्या लहान प्रतिकृती म्हणून पाहिल्यास पदभ्रमणाला आपोआप क्रम लाभतो.

पहिला दिवस : दरी व नदीकाठ

पहिल्या दिवशी धबधब्याच्या बाजूने दरीत उतरून नदीकाठाने चालावे. येथे करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी यांच्या सोबतीने अर्जुन पाहावयाचा. अर्जुनाच्या सालीऐवजी ऐनाची साल येणे हा बाजारातील नेहमीचा प्रकार आहे. दोन्ही टर्मिनालिया कुळातील, दोघांच्याही फळाला पाच पाखे आणि लोकभाषेत दोघांनाही 'सादडा' म्हटले जाते. त्यामुळे माल देणाऱ्याच्या मनात खोट नसतानाही घोटाळा होतो. प्रत्यक्ष झाडापाशी उभे राहिल्यावर मात्र शंका उरत नाही. अर्जुनाचे खोड गुळगुळीत, फिकट राखाडी असून त्याच्या सालीचे पातळ पापुद्रे सुटतात. ऐनाचे खोड काळपट आणि मगरीच्या पाठीसारखे चौकोनी भेगांचे असते. अर्जुनाच्या फळाचे पाखे आखूड व कठीण, ऐनाचे रुंद व पातळ. शिवाय अर्जुन पाण्याच्या काठाने उभा राहतो, तर ऐन डोंगरउतारावर सर्वत्र आढळतो. म्हणून साल विकणाऱ्याला 'ही कोठून काढली?' एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडा होतो.

दरीच्या कडेला पावसाळ्याच्या उत्तरार्धात कळलावीची लाल-पिवळी फुले दिसतात. लांगली हे उपविष आहे, हे आपण पाठ केलेले असते. परंतु तिचा नांगरासारखा वाकडा कंद इतर खाद्यकंदांच्या शेजारीच वाढतो, हे येथे दिसते. कोणता कंद खावा व कोणता टाळावा, याचे शिक्षण पाड्यावरील मुलाला लहानपणीच मिळते. कडूकंद, म्हणजे वाराहीकंदाची जात, उकळून व वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा घालवल्यावाचून येथे कोणी खात नाही. पावसाच्या तोंडावर उगवणाऱ्या शेवळाची भाजी घशाला खाजू नये म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालतात. शोधनसंस्काराचे तत्त्व संहितेबाहेरही स्वयंपाकघरात जिवंत आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरा दिवस : उतार व झाडोरा

दुसऱ्या दिवशी दाभोशाच्या आसपासच्या उतारांवरील झाडोऱ्यातून चालावे. साग, ऐन, पळस, मोह, बिबा, बेहडा यांच्या या वनात अभ्यासाचे मुख्य द्रव्य म्हणजे कुडा. कल्पस्थानातील वत्सककल्पात कुटजाचे पुरुष व स्त्री असे दोन भेद आहेत. आज औषधात ग्राह्य मानलेला पांढरा कुडा म्हणजे होलार्हीना प्यूबेसेन्स. त्याच्या जागी येणारा काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोघांनाही पांढरी फुले, दोघांनाही चीक आणि दोघांच्याही शेंगा जोडीने लागतात. परंतु पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी मोकळ्या असतात, तर काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात. पांढऱ्या कुड्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव. दुसऱ्याचे बी तसे कडू नसते. ज्या घरांतून कुड्याच्या फुलांची व कोवळ्या शेंगांची भाजी होते, तेथील गृहिणी हा भेद बोलता बोलता दाखवून देते. अतिसाराच्या रुग्णाला कुटजघनवटी देऊनही गुण का आला नाही, याचे उत्तर कित्येकदा निदानात नसून या दोन शेंगांमध्ये असते.

याच उतारावर आंबा, करंज यांसारख्या झाडांवर चढलेली गुळवेल पाहावी. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईतील काही रुग्णांमध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला बाधा झाल्याचे निरीक्षण २०२१ साली प्रसिद्ध झाले आणि मोठा वाद उद्भवला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती का, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा होती, असा प्रश्न आयुष मंत्रालयाने उपस्थित केला. पुढे २०२२ साली देशातील अनेक केंद्रांतील रुग्णांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. खरी गुळवेलही काही विशिष्ट रुग्णांत यकृताला बाधक ठरू शकते का, हा स्वतंत्र व गंभीर प्रश्न आहे, आणि यकृताचे विकार असलेल्या रुग्णांत आपण सावधगिरी बाळगलीच पाहिजे. परंतु 'मी दिलेली वनस्पती हीच होती' असे ठामपणे सांगता येणे ही त्या चर्चेत भाग घेण्याची पहिली अट आहे. गुळवेलीचे पान हृदयाकृती व लवहीन असते. सह्याद्रीतच आढळणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या पानाची खालची बाजू लवदार असते. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी उमटलेल्या असतात आणि तिच्या फुलाला तीन पाकळ्या, तर गुळवेलीच्या फुलाला सहा असतात. सुकलेल्या तुकड्यांच्या पोत्यात यांतील पान, फूल काहीच हाती राहत नाही.

टेटूच्या तलवारीसारख्या लांब शेंगा, मुरुडशेंगेचे पिळे, धायटीची झुडपे आणि भारंगीची निळसर फुले याच टापूत पाहावीत. भारंगीच्या कोवळ्या पानांची व फुलांची भाजी येथे पावसाळ्यात केली जाते, तर आपण तिचे मूळ वापरतो. भाजीसाठी खुडलेली भारंगी पुन्हा फुटते. मुळासाठी खणलेली फुटत नाही. टेटूचेही तसेच. बृहत्पंचमुळातील पाचही द्रव्ये वृक्ष वा मोठी झुडपे आहेत आणि शास्त्राने त्यांचे मूळ सांगितले आहे. दशमुळाच्या प्रत्येक काढ्यामागे कोठे तरी झाड पडते, हे ध्यानी घेतल्यास शेताच्या बांधावर शिवण, टेटू, पाडळ व बेल लावण्याची निकड वेगळी सांगावी लागत नाही.

तिसरा दिवस : सूर्यमाळ

तिसऱ्या दिवशी सकाळी वाहनाने जव्हार, मोखाडा, खोडाळा या मार्गाने सूर्यमाळ गाठावे आणि माळावर पायी फिरावे. थंड हवेचे ठिकाण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात मोकळे माळ, उथळ माती आणि वारा यांमुळे वनस्पतींचे रूपच पालटते. येथे कंदवर्गीय द्रव्यांचा अभ्यास करावा. पहिल्या पावसानंतर माळावर फोडशीची गवतासारखी पाती उगवतात. तिलाच कोठे 'कुलू'ची भाजी म्हणतात. हिच्याच क्लोरोफायटम कुळातील सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आपल्या बोरिवलीचे नाव गुंफलेले आहे, कारण तिची शास्त्रीय नोंद प्रथम तेथील नमुन्यांवरून झाली. एकेकाळी मुंबईच्या वेशीवर मिळणारे हे द्रव्य आज बाजारात मुख्यतः लागवडीतूनच येते. मागणी वाढल्यावर रानातील कंदाचे काय होते, हे सांगण्यास यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

सूर्यमाळच्या मुक्कामात वावडिंगाची चर्चा जरूर करावी. ग्रंथोक्त विडंग म्हणून एम्बेलिया राइब्ज ही वेल मान्य आहे. परंतु सह्याद्रीतून बाजारात येणारे फळ बहुधा तिच्याच कुळातील एम्बेलिया त्जेरियमकोट्टम या झुडपाचे असते आणि उत्तरेकडून येणाऱ्या मालात हिमालयातील मिर्सिने आफ्रिकाना मिसळलेले आढळते. काडेचिराइताच्या जागी भुईनिंब येणे हाही असाच प्रकार. येथे हिमालय आणि सह्याद्री एकाच पोत्यात भेटतात! प्रतिनिधी द्रव्य घेण्यास शास्त्राची ना नाही; मात्र प्रतिनिधी जाणूनबुजून घ्यावयाचा असतो आणि वेष्टनावर तसे लिहावयाचे असते. नकळत आलेला प्रतिनिधी ही भेसळच होय.

ऋतू आणि संग्रहकाल

चरकसंहितेच्या कल्पस्थानात संग्रहाचा काल दिला आहे : कोवळ्या फांद्या व पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व चीक शरदात, सार हेमंतात, आणि फुले व फळे आपापल्या ऋतूत. या नियमाचे मर्म रानात चटकन कळते. पान गळून गेले की वनस्पतीचे सत्त्व खाली उतरते, ही त्यामागील भूमिका होय.

परंतु येथेच एक व्यावहारिक अडचण उभी राहते. शिशिर व ग्रीष्म, म्हणजे मुळे काढण्याचा काल, हाच या तालुक्यांतील स्थलांतराचा काल आहे. जाणती माणसे त्या वेळी भट्टीवर असतात. म्हणून संग्राहक मुळे भाद्रपद-अश्विनातच काढून ठेवतो किंवा ते काम अजाण हातांवर सोडतो. व्यापाऱ्याने ऐन शिशिरात दोन महिन्यांच्या कामाची खात्री दिली, तर शास्त्रोक्त काल पाळला जाईल आणि काही कुटुंबांचे स्थलांतरही टळेल. औषधाची गुणवत्ता आणि पाड्यावरील चूल यांचा संबंध इतका सरळ आहे.

पदभ्रमणासाठी भाद्रपदाचा अखेर ते अश्विन, म्हणजे साधारणतः सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर, हा काल उत्तम. कंदांची पाने अद्याप हिरवी असतात, फळे धरलेली असतात आणि माणसे गावात असतात. ज्यांना शक्य असेल त्यांनी त्याच वाटेने फाल्गुन-चैत्रात पुन्हा जावे. तेव्हा पानगळीमुळे साली स्पष्ट दिसतात आणि धायटी, पळस व मोह फुललेले असतात. आसवारिष्टे करणाऱ्यांनी धायटीच्या फुलांची तोड व वाळवण प्रत्यक्ष पाहणे अगत्याचे आहे.

औषधशाळाचालकांसाठी

पदभ्रमणाहून परतल्यावर औषधशाळेच्या खरेदीत पुढील बदल करता येतील.

१. खरेदीच्या नोंदवहीत द्रव्याच्या नावाबरोबर उगमस्थान, काढण्याचा महिना आणि औषधी अंग यांचे रकाने ठेवावेत.

२. प्रत्येक मुख्य द्रव्याचा पान-फूल-फळासह नीट ओळखलेला, दाबून वाळवलेला नमुना औषधशाळेत ठेवावा. तो वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाकडून किंवा मान्य वनस्पतिसंग्रहालयाकडून पडताळून घ्यावा. रानातली ओळख ही पहिली पायरी. सूक्ष्मदर्शक व रासायनिक परीक्षा ही तिच्या पुढची. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

३. साल घेताना खोडाभोवती पूर्ण कडे काढलेली साल घेऊ नये. एका बाजूची उभी पट्टी, आतील थर न दुखावता काढल्यास झाड तगते. कडे काढलेले झाड मरते, आणि पुढील वर्षी त्या जागी भेसळ येते.

४. कायद्याचे भान ठेवावे. जव्हार व मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर ग्रामसभेचा व वननिवासींचा अधिकार मान्य केला आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा. देशी औषधनिर्मात्यांनाही लाभवाटपाचे बंधन लागू होते, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवडीतील औषधी वनस्पती व नोंदणीकृत आयुष वैद्य यांच्या बाबतीत सवलती दिल्या आहेत. आपली औषधशाळा त्यांत बसते की नाही, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

पूर्वतयारी व दक्षता

एका गटात बारा-पंधरांहून अधिक व्यक्ती नसाव्यात. मोठ्या गटात मागच्यांना मार्गदर्शकाचे शब्द ऐकू येत नाहीत. ग्रामपंचायतीला व वनखात्याला आधी कळवून परवानगी घ्यावी. मार्गदर्शकाचे मानधन आधी ठरवावे आणि ते देताना त्याचा शेतावरचा एक दिवस बुडतो, हे ध्यानात ठेवावे. त्याने सांगितलेले ज्ञान छापावयाचे झाल्यास त्याची संमती घ्यावी.

पावसाळ्यात दरीतील दगडांवर शेवाळ असते आणि पाण्याचा लोंढा अकस्मात वाढतो. धबधब्याखालील डोहात पोहण्याचा मोह अनेकांच्या जिवावर बेतला आहे. तेथे उतरू नये. बिब्याची फळे उघड्या हाताने चिरडू नयेत. शरदात व हेमंतात खाजकुइलीच्या शेंगांपासून दूर राहावे. पायांत घोट्यावर येणारे जोडे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातात काठी असावी. सर्पदंश झाल्यास जखम चिरणे, चोखणे, घट्ट आवळणे यांपैकी काहीही न करता रुग्णाला स्थिर ठेवून तत्काळ जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील लस हाच तेथे उपाय आहे. अगदतंत्राच्या अभिमानाने वेळ दवडू नये.

बरोबर नोंदवही, भिंग, मोजपट्टी व छायाचित्रक असावा. कुदळ व कोयता नसावा. एका वनस्पतीची नोंद करताना जागा, माती, सावली, शेजारची झाडे, स्थानिक नाव, उपयोग आणि 'तिच्यासारखे दिसणारे दुसरे झाड' असे सात मुद्दे लिहावेत. दिवसाला आठ-दहा वनस्पती पुरेत. तीन दिवसांत पंचवीस द्रव्ये पक्की ओळखणारा वैद्य, शंभर नावे ऐकून आलेल्यापेक्षा अधिक मिळवून परततो.

हिमालयाची श्रेष्ठता संहितेने सांगितली आहे आणि ती अबाधित आहे. ज्यांना जमेल त्यांनी त्या कड्यांवरून अवश्य चालावे. परंतु आपल्या रुग्णाच्या हातात आपण जी पुडी देतो, तिच्यातील कुडा, अर्जुन व गुळवेल यांचे घर दाभोशासारख्या गावांच्या शिवारात आहे. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधशाळाचालकांनी आपापल्या तालुका शाखांतून पाच-दहा जणांचे लहान गट करावेत आणि येत्या शरदात निदान एका वाटेने, निदान एका जाणत्या गुराख्याच्या मागून चालावे. औषधीचे नाव आणि रूप त्याच्याकडून घ्यावे. योजना आपण करावी. संहितेने आपल्याला घालून दिलेली कामाची वाटणी हीच आहे.